लोणच्याची बरणी आणि तांब्याची कांब

ही गोष्ट मला बरणीने सांगितली की कांबेने, हे आता खात्रीने आठवत नाही. बहुधा दोघींनी एकदमच. फार वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या एका घरात देशोदेशीच्या लोकांशी गप्पा मारणारा हौशी रेडिओ राहत होता. ढग जमले की त्याचे मालक दिगंबरपंत छपरावरच्या एरियलची वायर रेडिओतून काढून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत सोडत. काचेतून वीज जात नाही, असा त्यांचा भरवसा होता.

त्यामुळे बरणी भलतीच फुगली होती. "येऊ दे वीज! मोहरी लावून मुरवीन!"

"मुरव, ताई, मुरव!" रेडिओ आनंदाने खरखरला.

खिडकीखाली वाळूत गळ्यापर्यंत पुरलेली तांब्याची कांब म्हणाली, "अगं, ती कोसभर हवा ओलांडून येते. तुझी बोटभर काच तिला काय अडवणार? वायर माझ्याकडे द्या."

"मातीत लोळणारीने मला शिकवू नये!"

एका दुपारी आभाळ भरून आले आणि नेमकी तेव्हाच पंतांच्या पत्नीने कैऱ्यांसाठी बरणी उचलली. "अहो, वायरीचं काय लोणचं घालायचंय?" बरणी गेली, तेव्हा पंतांनी घाईघाईने वायर खिडकीबाहेर काढून कांबेला बांधली.

कडाड! घर हादरले, कैऱ्या घरभर गडगडल्या.

"हॅलो?" रेडिओ चाचरला. "मी आहे! अहो, मी आहे!"

"माझ्या धाकाने!" बरणी स्वयंपाकघरातून ओरडली. कांबेला फक्त एक उचकी लागली.

कित्येक वर्षांनी मी ती जागा स्वतः उकरून पाहिली. कांबेभोवतीच्या वाळूची वितळून काच झाली होती.