खुंटीवरचं खोगीर

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी की त्या राज्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही, आणि मलाही ते शोधत बसायची हौस नाही. कारण यातली चूक कुठल्याही राज्यात होते, आणि ती करणारी माणसं बहुतेक वेळा चांगलीच असतात.

त्या राज्यात राजाची मोठी पागा होती. शेकडो घोडे तिथे बांधलेले असत. नवे घोडे शिकवून तयार करायचं काम एक बाई करायची. तिला सगळे आक्का म्हणत. तरुणपणी तिने राजाचे खलिते घेऊन डोंगरदऱ्या पालथ्या घातल्या होत्या. आता गुडघे कुरकुरत होते, पण बिथरलेल्या घोड्याजवळ ती गेली की घोडा अजूनही निवांत होई.

त्याच राज्यात काही मुली अशा होत्या की त्या दिसल्या की लोक दाराला कडी लावत. कुणी घरातून पळालेली, कुणी बाजारात हात मारताना सापडलेली, कुणी कुणालाच नको झालेली. राजाने त्यांना एका कोठीत ठेवलं होतं. वर छप्पर होतं, दोन वेळची भाकरी होती आणि बाहेरून कुलूप होतं.

एक दिवस आक्का राजापुढे उभी राहिली. म्हणाली, "महाराज, त्यातल्या आठ पोरी मला द्या. पागेत ठेवते."

राजा हसला. "आक्का, तुम्हाला घोडे कळतात. पोरींचं काय कळतं?"

"बुजलेलं जनावर लाथा झाडतं, एवढं कळतं. बाकीचं पोरी शिकवतील."

राजाने होकार दिला, पण अट घातली. मुदत पुढच्या दसऱ्यापर्यंत. तोवर पागेत एक जरी चोरी झाली, तरी आठही मुली परत कोठीत जातील.

आक्काने प्रत्येकीला एकेक घोडा दिला, तोही इतरांनी नाकारलेला. पहिले दोन महिने तिने कुणाला पाठीवर बसू दिलं नाही. लीद काढा, पाणी दाखवा, खरारा करा, खूर उचलून खडा अडकलाय का बघा. मुली वैतागल्या. आक्का म्हणायची, "घोडा तोंडाने बोलत नाही, म्हणून बघायला शिका. तोबऱ्यात दाणा उरलाय का? गवत कसं तुडवलंय? कान कुठं आहेत? आधी बघा, मग बोला."

आणखी एक नियम तिने घालून दिला होता. घोड्याची खोड चारचौघांत बोलायची नाही. "खोड सांगितली की लोक घोडा बघत नाहीत, खोडच बघतात," असं ती म्हणे. नियम चांगला होता. आक्कालाही तो फार आवडायचा आणि येईल त्याला ती तो ऐकवायची.

त्या आठ जणींत येसू नावाची मुलगी होती. वय चौदा. तिने कमरेची पिशवी लांबवली तर माणसाला ते घरी गेल्यावर कळायचं, असा तिचा हात. तिच्या वाट्याला भोरी नावाची घोडी आली, आणि भोरी चावायची. येसूला गोड बोलता येत नसे, कारण तिच्याशी तसं कधी कुणी बोललंच नव्हतं. मग ती बाजारातल्या शिव्याच हळू आवाजात, खरारा करता करता घोडीला ऐकवी. घोडीला शब्दांशी काय करायचंय? महिन्याभरात भोरी येसूच्या खांद्यावर हनुवटी टेकून पेंगू लागली.

वर्ष सरत आलं. पागेतला साधा खिळाही हलला नव्हता. मुली ताठ बसून घोडे पळवू लागल्या होत्या. दसऱ्याला मैदानावर राजासमोर घोडे पळवताना सगळ्यांत पुढे भोरीवर येसू असेल, असं आक्काने जाहीर केलं. त्या दिवशी येसूने घोडीची शेपटी तीनदा विंचरली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सात मुली घोडे घेऊन आक्काबरोबर मैदान बघायला गेल्या. मैदान गावाच्या पार पलीकडे. पागा राखायची पाळी येसूची होती. दुपार कलल्यावर सगळ्या परतल्या, तर फाटक सताड उघडं. येसू नाही. फाटकातूनच दिसलं, भोरीही जागेवर नाही.

राजाची अट, आठ पोरी, ते कुलूप, सगळं आक्काच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. ती पागेत गेलीसुद्धा नाही. फाटकातूनच माघारी वळली आणि तडक चावडीवर जाऊन कोतवालाला म्हणाली, "येसू घोडी घेऊन पळाली. चोर ती चोरच निघाली. एवढी माया लावली, पण हात गेलाच शेवटी."

चावडीवर माणसं बसलेली होती, त्यांनी ऐकलं. मागोमाग आलेल्या सात मुलींनीही ऐकलं. कोतवालाचे स्वार घोड्यांवर टांग टाकून निघाले.

सगळ्यांत लहान धुरपी आक्काचं लुगडं धरून उभी होती. तिने हळूच विचारलं, "आक्का, माझी खोड पण तुमी अशीच सांगणार व्हय?"

आक्काने लुगडं सोडवून घेतलं आणि ती फाटकाशी जाऊन स्वारांची वाट बघत उभी राहिली.

दिवस मावळायच्या आत स्वार परतले. येसूचे हात दोरीने बांधलेले होते, आणि मागे भोरी मान खाली घालून येत होती. भर बाजारातून त्यांनी तिला आणलं. लोक ओट्यांवर येऊन बघत होते. "मला ठाऊकच होतं," असं कुणीतरी म्हणालंच. अशा माणसांना सगळं नेहमी नंतरच ठाऊक असतं.

पागेच्या फाटकाशी ते पोचले तेवढ्यात मागून एक म्हातारा धापा टाकत आला. शेजारच्या गावचा घोड्यांचा वैद्य होता तो.

"आरं, सोडा तिला! वाटेत सांगून सांगून घसा बसला माझा, ऐकतंय कोण! घोडीच्या पोटात कळ उठली हुती. लोळू दिली आसती तर मेली आसती. ही पोर तिला चालवत चालवत दोन कोस माझ्या दारात घेऊन आली. एकदाबी पाठीवर बसली न्हाई. मी औषध पाजलं, तशी परत चालवत निघाली, तर ह्यांनी गाठलं. पाय बघा पोरीचे!"

येसूचे पाय धुळीने भरले होते आणि एका अंगठ्यातून रक्त येत होतं.

आक्का तशीच वळली आणि आता पागेत गेली. भोरीच्या जागेवरचं गवत चहूकडे विस्कटलं होतं. घोडी तिथे लोळली होती. तोबरा भरलेला, एक दाणाही खाल्लेला नव्हता. आणि खुंटीवर भोरीचं खोगीर जागच्या जागी होतं. पळून जाणारं माणूस खोगीर मागे ठेवून, घोडी हाताने चालवत जात नाही. हे सगळं दुपारीही इथेच होतं. वर्षभर पोरींना जे बघायला शिकवलं, ते बघायला ती स्वतः दहा पावलं आत आली नव्हती.

आक्काला लाज वाटली. उभ्या आयुष्यात ती घोड्यावरून किती वेळा पडली होती, लोक हसले होते, तेव्हा वाटली नव्हती अशी लाज वाटली. तिथे कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं, तरी तिने तोंडावर पदर ओढला.

मग ती बाहेर आली आणि येसूच्या हाताची गाठ सोडू लागली. गाठ आवळून बांधलेली होती.

"ह्यांना कुणी सांगितलं मी चोर म्हणून?" येसूने विचारलं.

कोतवालाचं नाव घेता आलं असतं. धुरपी बघत होती.

"मी सांगितलं," आक्का म्हणाली.

येसू म्हणाली, "लोकं म्हणतात त्याचं काय न्हाई. त्याची सवय हाय. मला वाटलं, तुमी तरी आत जाऊन बघाल."

एवढंच बोलून तिने भोरीला धरलं आणि अंगणात फिरवायला लागली, कारण वैद्याने घोडीला आणखी घटकाभर चालवायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी राजा मैदानावर आला. सात मुलींनी घोडे सुरेख पळवले. येसू जमिनीवरच भोरीशेजारी उभी होती. भोरी बरी होती, पण अजून अशक्त होती. राजा खूष होऊन म्हणाला, "आक्का, तुम्ही जिंकलात. घोडी तर सापडली. वर्षभरात एकही चोरी नाही."

"एक झाली, महाराज."

आक्का खाली बघतच बोलली, "ह्या पोरीनं वर्षभर राबून चांगलं नाव मिळवलं होतं. ते मी दिवसाढवळ्या, भर चावडीवर चोरलं. अट मी मोडली. शिक्षा मला करा, पोरींना परत धाडू नका."

राजाने विचार केला आणि येसूला जवळ बोलावलं. "पोरी, तूच सांग. तुला पागेत राहायचं आहे का?"

येसूने आक्काकडे बराच वेळ पाहिलं. "घोडीसाठी राहीन," ती म्हणाली. "ह्यांच्यासाठी न्हाई."

आक्काने मान वर केली नाही.

राजा म्हणाला, "आक्का, काल हिला ज्या रस्त्याने बांधून आणलं, त्याच रस्त्याने आज तुम्ही पायी जा. दारोदार खरं काय ते सांगा."

मिरवणुकीत घोड्यावर बसून पुढे जायचा मान दरसाल आक्काचा असे. त्या दसऱ्याला ती उन्हात पायी फिरली. लोक नवे कपडे घालून आपट्याची पानं वाटत होते. आक्का प्रत्येक दाराशी थांबून म्हणत होती, "येसू चोर नाही. मी न बघता बोलले." कुणी ऐकून घेतलं. कुणी "बरं बरं" म्हणत तिच्या हातावर पान ठेवलं आणि आत गेलं. काही जण कालची बातमी घेऊन परगावी निघूनही गेले होते.

बाजाराच्या टोकाला बांगड्या भरणारी कासारीण बसली होती. तिने विचारलं, "आक्का, काल किती जणांना सांगितलं होतंत?"

"एकाला," आक्का म्हणाली. "आणि आज सकाळपासून सांगतेय, तर अजून अर्धा गाव राहिलाय."

पागा पुढेही चालू राहिली. येसू भोरीसाठी राहिली आणि राज्यातली उत्तम स्वार झाली. ती आक्काशी पुन्हा बोलली का, असं तुम्ही विचाराल. बोलली. दाणा किती आणि पाणी किती, एवढं बोलली. आक्का पागेत आली की पोरींच्या गप्पा थांबत. आक्का ते मुकाट सोसायची, आणि दर बाजाराच्या दिवशी राहिलेल्या एखाद्या दाराशी जाऊन तेच वाक्य पुन्हा सांगायची.

लहान-थोरांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: ज्याला सावरायला आपण हात दिला, त्याच्याविषयी वाईट बोलण्याआधी निदान दहा पावलं आत जाऊन बघावं.