श्रीधरचं गुप्तदान

"...मग भाव पडतो तो कुणाच्या दोषानं, अक्का? विकणाऱ्याच्या, की घेणाऱ्याच्या?"

अक्का चिंच फोडत बसल्या होत्या. मांडीवर सूप, बाजूला चिंचोक्यांचा ढीग. त्यांनी मान वर केली नाही.

"कशाचा भाव?"

"कशाचाही. समजा, गाडीचा."

"समजा कशाला? गाडीचाच म्हण की."

श्रीधर आरगे हसला. हसायला तो पटकन हसायचा, धंद्यानं लावलेली सवय. मिरजेच्या हमरस्त्यावर त्याचं इलेक्ट्रिक गाड्यांचं शोरूम होतं, काचाच काचा असलेलं. गावाबाहेरच्या टेकाडावर अक्कांचा लहानसा मठ. तिथं तो वर्षातून दोनचारदा यायचा, खांबाला टेकून ऐसपैस बसायचा आणि एखादा जडसा प्रश्न टाकून अक्का काय म्हणतात ते बघायचा. घरी सांगायचा, सत्संगाला गेलो होतो. खरं म्हणजे तो अक्कांची परीक्षा घ्यायला यायचा.

अक्कांना त्याचं काही नव्हतं. आधीच्या महाराजांनी गादी बाईमाणसाकडे दिली म्हणून गाव वर्षभर कुजबुजलं, तेव्हाही त्या अंगण झाडत राहिल्या होत्या.

"ऐका तरी," श्रीधर म्हणाला. "यंदा माझ्याकडं जेवढ्या गाड्या खपल्या तेवढ्या आजवर कधी खपल्या नाहीत. दसऱ्याला नारळ फोडून फोडून माणसांचे हात भरून आले. आधी लोक विचारायचे, वाटेत बंद पडली तर? आता कुणी विचारत नाही. पण गंमत बघा. नवी जितकी खपते, तितकी जुनी पडते."

"पडते म्हणजे?"

"किंमत पडते हो. दरवर्षी नवी बॅटरी येते, आधीपेक्षा लांब जाते. वर कंपनी नव्या गाडीचेच भाव उतरवते. मग जुनी घेणार कोण? गिऱ्हाईक पहिलं विचारतं, बॅटरीत जीव किती राहिलाय? गाडी आरशासारखी लख्ख असली तरी निम्म्या किमतीलासुद्धा कुणी हात लावत नाही." तो जरा पुढं सरकला. "म्हणजे सगळं अनित्यच की, अक्का. आज लाखमोलाचं, उद्या मातीमोल. मग ह्यात दोष कुणाचा धरायचा?"

बोलणं झकास जमलं होतं. त्याचं त्यालाही ते जाणवलं.

अक्कांनी चिंचेचं एक बोटूक मोडलं.

"कुणाची गाडी?"

"अं?"

"पडली ती गाडी कुणाची?"

"अशा शेकडो आहेत, अक्का..."

"शेकडोंसाठी तू भर उन्हात टेकाड चढला नसतास रे."

खाली रस्त्याच्या कडेला त्याची नवी कोरी गाडी उभी होती. श्रीधरनं तिच्याकडे पाहिलं.

"मेंढेगिरी सरांची," तो शेवटी म्हणाला.

मेंढेगिरी सर म्हणजे त्याचे शाळेतले गणिताचे सर. दहावीला गणितात आपटलेल्या श्रीधरला त्यांनी वर्षभर घरी बसवून शिकवलं, आणि वर काकूंच्या हातचं थालीपीठ खाऊ घातलं. फीचं विचारलं की म्हणायचे, आधी पास हो, मग बघू. श्रीधर पास झाला. फीचं बघायचं राहूनच गेलं.

"गेल्या वर्षी सरांनी माझ्याकडनं जुनी गाडी घेतली. काकूंचे गुडघे गेलेत, रिक्षात चढता येईना. आता ऑपरेशन करायचंय, म्हणून परवा ती विकायला घेऊन आले. धुऊन पुसून आणली होती, अक्का. पुढं झेंडूचा हार घातलेला. गाडी विकायला आणताना कोण हार घालतं?"

"मग काय भाव सांगितलास?"

"मी नाही सांगितला. माझ्या माणसानं सांगितला."

"आणि तू कुठं होतास?"

"...आत."

"आत म्हणजे?"

"आतल्या केबिनमध्ये. दार लावून." आवाज खाली गेला. "बाहेर निरोप दिला होता, साहेब पुण्याला गेलेत म्हणून सांगा."

त्या केबिनच्या काचेला काळी फिल्म होती. आतून बाहेरचं सगळं दिसायचं. जुनी गाडी पाडून मागायची एक रीत असते. गाडीभोवती सावकाश फिरायचं, तोंडानं अवाक्षर काढायचं नाही, फक्त मधूनमधून चुकचुकायचं. एखाद्या चऱ्यावरून बोट फिरवायचं, मान हलवायची. चौथ्या चकरेला मालक स्वतःच कमी भावाला तयार होतो. ही रीत श्रीधरनंच आपल्या माणसांना शिकवली होती. आणि परवा काळ्या काचेआडून तो बघत होता... त्याचा माणूस चुकचुकत गाडीभोवती फिरतोय, आणि त्याच्या मागोमाग सर, हातात फडकं घेऊन, तो बोट ठेवेल तिथं पुसतायत. वर्गात फळा पुसायचे तसेच. श्रीधरला वाटलं होतं, धरणीनं पोटात घ्यावं. पण धरणीनं घेतलं नाही, आणि दार उघडून बाहेर यायचं धाडस त्याच्यात नव्हतं.

"भाव ऐकून काय म्हणाले सर?"

"काही नाही. म्हणाले, बरं. श्रीधर आला की सांगा, मी येऊन गेलो. गाडी चांगली चालली म्हणावं, काकूंना फार उपयोग झाला..."

चिंचोके एकेक करून ढिगात पडत होते.

मग श्रीधरनं पिशवीतून एक जाड पाकीट काढलं. दोन्ही हातांनी ते गादीपुढं ठेवलं.

"अक्का, म्हणूनच आलोय. सरांनी गाडीला मोजले होते ते सगळेच्या सगळे पैसे ह्यात आहेत. गाडी सर परत घेऊन गेलेत, तीही त्यांच्याकडंच राहू दे. तुम्ही मठातर्फे पोचवा. माझं नाव कुठं नको." तो थांबला. "गुप्तदान समजा."

तो शब्द उच्चारल्यावर त्याला जरा बरं वाटलं. पाठ आपोआप ताठ झाली. एवढं करतो कोण आजकाल, असंही मनात येऊन गेलं. आता अक्का भल्या माणसाकडे बघतात तसं आपल्याकडे बघतील, या आशेनं तो वाट बघू लागला.

अक्कांनी सूप खाली ठेवलं.

"सगळे पैसे?"

"सगळे."

"भाव तर निम्म्यावर आला म्हणालास. तोही बाजारानं आणला, तुझा काही दोष नाही. मग सगळे का देतोस?"

श्रीधरनं पाकीट उगाच सरळ करून ठेवलं.

"दुसरं कुणी गाडी विकायला आलं, की तेव्हाही केबिनमध्ये लपतोस का रे?"

"...नाही."

"मग?"

वारा सुटला. खांबाची सावली त्याच्या पायावरून सरकली होती, उन्हाचा चटका बसत होता, तरी तो हलला नाही. त्याचे कान लालबुंद झाले होते. अक्का घाई करत नव्हत्या, आणि तेच त्याला सोसवेना.

"ती गाडी शोरूमची नव्हती," तो म्हणाला. "माझी होती. मी स्वतः वापरायचो ती."

"बरं."

"कंपनीनं आम्हा डीलर लोकांना बैठकीला बोलावलं होतं. सांगितलं, महिन्याभरात नवी गाडी येतेय, लांब जाणारी, वर स्वस्त. तोवर तोंड बंद ठेवा. मी येताना गाडीत बसल्या बसल्या हिशोब केला, अक्का. नवी यायच्या आत आपली विकून टाकायची. नाहीतर मातीत जाते."

"आणि सर आले."

"त्याच आठवड्यात. मी बोलावलं नव्हतं, शप्पथ सांगतो. आपले आपण आले. म्हणाले, श्रीधर, मला ह्यातलं काही कळत नाही, तू सांगशील ते. मी म्हणालो, सर, घरचीच गाडी आहे. डोळे मिटून घ्या."

"...घेतली?"

"घेतली. डोळे मिटूनच घेतली. वर पेढे घेऊन आले, माझ्या पोरांसाठी."

बोलून झाल्यावर त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. स्वतःचीच किळस यावी तसा तो बसला होता. एवढे दिवस तो बाजाराला दोष देत होता, बॅटरीला देत होता, अनित्यतेला देत होता. आता देण्याजोगं कुणी उरलं नव्हतं.

अक्कांनी पाकीट उचललं. आतल्या नोटा काढल्या, न मोजता पदराच्या टोकात बांधल्या आणि गाठ मारली. मग रिकामं पाकीट त्याच्यापुढं धरलं.

"हे घे."

"हे कशाला?"

"पैसे संध्याकाळच्या आत पोचतील. कुणी दिले ते मी मरेपर्यंत सांगणार नाही. काकूंचं ऑपरेशन होईल. तुझं नाव कुठं आलं नाही, येणारही नाही." त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "झालं. जा आता."

"म्हणजे... सुटलो?"

"त्यासाठीच आला होतास ना?"

श्रीधर उठला. नमस्कार केला. पायरीवर येऊन चपला घातल्या. पाकीट खिशात घालायला लागला. तो नुसता कागद होता, तरी त्याच्यानं घालवेना. तो तिथंच थबकला. खाली गाडी उभी होती. किल्ली हातात होती. दहा मिनिटांत शोरूमला पोचला असता, आणि जगात कुणाला काही कळलं नसतं. सर उद्याही बाजारात कुणाला तरी अभिमानानं सांगणार होते, आरगेंचा श्रीधर आपला विद्यार्थी, फार गुणी पोरगा.

नेमकं तेच त्याला आता सोसणार नव्हतं.

तो मागं फिरला. चपला पायातच राहिल्या, लक्षातही आलं नाही.

"अक्का, मी सरांकडं जाऊ?"

"तुला कुणी अडवलंय?"

"पैसे तरी माझ्या हातात असते... काहीतरी घेऊन गेलो असतो. नुसता कसा जाऊ? दार वाजवून काय सांगू?"

अक्का चिंच फोडत राहिल्या.

"खरं सांगितलं तर..." त्याचे ओठ थरथरले. लहानपणी गणित चुकलं की थरथरायचे तसेच. "अक्का, त्यांच्या नजरेत मग माझी किंमत काय राहील?"

अक्कांचा हात थांबला. पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"जेवढी उरेल, तेवढी घेऊन जा."