तारा वाढला!

आमराईपलीकडच्या इवल्याशा खोपटात पवळा नावाची चिमुकली मुलगी आईसोबत राहायची. आई गावात घरोघरी जाऊन बांगड्या भरायची. हिरव्या, अंजिरी, मोरपंखी! पण हळूहळू तिच्या डोळ्यांपुढं अंधार दाटत गेला, आणि आता तर तिला पवळाचा चेहराही दिसेना. मग पवळाच तिचा हात धरून तिला दारोदार नेई.

एका तिन्हीसांजेला दोघी घरी निघाल्या होत्या. इतक्यात आभाळ लख्ख उजळलं! सोनेरी-निळा आगीचा गोळा ठिणग्यांची लांबलचक शेपूट मिरवत झर्रकन आमराईत उतरला. पारावरची माणसं ओरडली, “तारा तुटला! तारा तुटला!”

“काय झालं गं?” आईनं विचारलं.

“आई, तारा वाढला!” पवळा म्हणाली.

पारावर खसखस पिकली. तुम्ही मात्र हसू नका हं! बांगड्यांच्या घरात ‘फुटली’, ‘तुटली’ असलं अशुभ बोलतच नाहीत. बांगडी फुटली तरी ‘वाढली’ म्हणायचं. पवळाच्या तोंडी तोच शब्द बसलेला.

आईला झाडाखाली बसवून ती आमराईत धावली. गवतात टिकलीएवढी परी पडली होती. तिचे रुपेरी पंख विझत चालले होते.

“जो तो मला तुटली म्हणतोय,” परी पुटपुटली. “आम्हाला माणसांचा शब्द लागतो, बाळ. ती म्हणतील तसंच आमचं होतं. लवकर काहीतरी माग. पण एकच हं. ते दिलं की माझा उजेड संपला.”

आईचे डोळे! पवळाच्या अगदी ओठांवर आलं. पण विझणाऱ्या जिवाकडून काही घेणं तिच्यानं होईना. तिला रडू आलं. तिनं परीला अलगद ओंजळीत घेतलं.

“तू तुटली नाहीस गं. तू वाढलीस. अजून वाढ, खूप खूप वाढ! हेच माझं मागणं.”

आणि शब्द लागला! परी वाढली, आंब्याच्या झाडाएवढी उंच झाली. गुलाबी, केशरी, जांभळा उजेड पानापानांतून झिरपू लागला.

“वेडे, मला पुरून उरला की गं हा उजेड!” परी हसली. “उरलेला तुझ्या आईला.” एक झगमगती लाट उठली, अन् परी त्या उजेडातच विरून गेली.

पवळा धावत आली. आई उभी होती, तिच्याकडं टक लावून बघत.

“पवळे, केवढी मोठी झालीस गं! आणि अशी वाळलीस कशानं? पोटभर जेवले म्हणायचीस ना रोज?”

पवळानं आईच्या पदरात तोंड लपवलं.

“लपू नकोस,” आई म्हणाली. “बघू दे मला.”