चार पानांचा बायोडेटा

"सर, चार पानांत बसेल का सगळं?"

तांबोळी सर पानं उलटत राहिले...

जयसिंगपूरच्या आमच्या टायपिंग क्लासमध्ये तेव्हा लोक बायोडेटा टाईप करून घ्यायला येत. कार्बन पेपर आणि मशीनच्या तेलाचा तो वास आठवला, की अजून माझी बोटं आपोआप हलतात. त्या दुपारी मी शेजारच्या मशीनवर सराव करत होतो.

सरांपुढे उभ्या असलेल्या सुकुमार मगदूमला सूतगिरणीत स्टोअरकीपर व्हायचं होतं. आधीच्या अकरा अर्जांना उत्तर आलं नव्हतं. त्या महिन्यानंतर तो वयाच्या अटीत बसणार नव्हता. हा शेवटचा अर्ज, आणि तो पाचच्या टपालात पडायला हवा होता.

"वक्तृत्वात दुसरा. एनसीसी. छंद, निसर्गभ्रमण..." सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "लग्न जमवायचंय की नोकरी?"

"इंप्रेशन पडायला नको होय, सर?"

"कॉलेज सोडून सहा वर्षं झाली. काय केलंस एवढे दिवस?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

सुकुमार खाली बघत म्हणाला, "मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. ते काय लिहायचं, सर? बी.कॉम. होऊन खिळे विकतो म्हणून?"

सरांनी दुरुस्तीचा पत्र्याचा डबा उचलला आणि सुकुमारपुढे पालथा केला. स्क्रू, स्प्रिंगा, नट, वायसर... टेबलभर पसारा झाला.

"तीन नंबरच्या मशीनचा स्क्रू यात आहे. शोध."

"सर, चार वाजून गेलेत."

"शोध की."

तीन नंबरच्या मशीनचं रिकामं भोक पाहून सुकुमार बसला. टपाल चुकणार, गिरणीत वशिला लागतो, आपल्याला कोण विचारतंय... त्याचं तोंड चालू होतं. बोटंही चालू होती. बघता बघता टेबलावर सात ढीग झाले, प्रत्येक मापाचा वेगळा.

"हा घ्या तुमचा स्क्रू." तो वैतागून म्हणाला. "ह्या चार स्क्रूंचे आटे गेलेत, टाकून द्या. आणि पाव इंची वायसर दोनच उरलेत. आजच मागवा, नाहीतर ऐनवेळी मशीन बंद ठेवाल."

"बरं."

सरांनी ती चार पानं बाजूला उपडी ठेवली. मशीनमध्ये कोरा कागद सरकवला, सरळ केला, आणि कळांवर बोटं ठेवून थांबले.

सुकुमार गोंधळला. "पहिल्या ओळीत काय घालायचं, सर?"

"सहा वर्षं दुकानात करतोस तेच. आत्ता मला काय मागवायला सांगितलंस?"