वाडग्यातला लसूण

ही गोष्ट घडली तेव्हा तुमच्या पणजोबांचे पणजोबाही जन्माला यायचे होते. दूर चीन देशाच्या उत्तरेला पिवळ्या मातीचे डोंगर होते. झाडं मोजकी, पाऊस नावापुरता आणि हिवाळा हाडं फोडणारा. तिथली माणसं डोंगराच्या दक्षिण अंगाला कमानीची घरं कोरून राहत. चुलीचा धूर मातीच्या ओट्याखालून फिरून बाहेर जाई आणि त्या ऊबदार ओट्यावर सगळं घर झोपे.

एके वर्षी तिथे नवा सुभेदार आला. तो दक्षिणेचा, पाण्यापावसाच्या मुलखातला. डोंगरातली घरं पाहून त्याने नाक मुरडलं.

"ही घरं की उंदरांची बिळं? वसंत ऋतू येईपर्यंत सगळी बुजवा आणि माझ्या हवेलीसारखी लाकडी घरं बांधा!"

गावाच्या तोंडचं पाणी पळालं. पुढे आली ती एकटी, घरं कोरणारी म्हातारी. अर्धं गाव तिनेच कोरलं होतं. ती हातभर कोरी, माती सुकू देई, भिंतीवर बुक्की मारून कान लावी आणि मगच पुढे जाई. एका घराला तीन वर्षं लागत. घाई करणाऱ्याला ती कुदळीला हात लावू देत नसे.

"सरकार, हुकूम तुमचा, पण थंडी आमची," ती म्हणाली. "पाण्याचा एक वाडगा तुमच्या हवेलीत ठेवा, एक माझ्या घरात. दोन्हींत लसणाच्या पाकळ्या घालू. दहा दिवसांनी ज्याच्या वाडग्यात हिरवे कोंब दिसतील, त्याच्या घरासारखी घरं गावाने बांधायची. मी हरले, तर माझं घर मीच बुजवीन."

"कबूल!" सुभेदार हसून म्हणाला.

उन्हाळ्यात आल्या आल्याच त्याने डोंगरमाथ्यावर ही हवेली बांधून घेतली होती. गरम हवा वर जावी म्हणून उंच छत, वारा खेळावा म्हणून उत्तरेकडे मोठ्या खिडक्या. अगदी त्याच्या आईच्या घरासारखी. या हवेलीसाठी माथ्यावरची सगळी झाडं तोडली होती.

तिसऱ्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला आणि त्या खिडक्यांतून पाहुण्यासारखा आत शिरला. सुभेदाराने सहा शेगड्या पेटवल्या. सगळी ऊब छताला गेली, मजा झाली ती तिथल्या चिमण्यांची. सहाव्या दिवशी सरपण संपलं. आणायचं कुठून? झाडं तर हवेलीच्या खांबांत उभी होती!

म्हातारी मात्र रोजच्यासारखी दोन वेळा चूल पेटवी आणि दिवसा वाडगा कोवळ्या उन्हात सरकवी. हिवाळ्यातलं ते तिरपं ऊन दक्षिणेच्या कमानीतून थेट ओट्यापर्यंत येई.

दहाव्या दिवशी दुपारी गाव जमलं. सुभेदाराचा वाडगा आला. पाण्याचा बर्फ झाला होता आणि वाडगा तडकला होता.

मग म्हातारी बाहेर आली. तिच्या वाडग्यात बोटभर उंचीचे हिरवेगार कोंब डुलत होते. दोन महिने कुणी हिरवं पान पाहिलं नव्हतं. गावाने असा जल्लोष केला की डोंगर दणाणला!

सुभेदाराचा चेहरा उतरला. "आईच्या घरात कधी कुणाला त्रास झाला नाही हो," तो पुटपुटला.

"तुमची आई शहाणीच, सरकार," म्हातारी म्हणाली. "तिने तिथल्या पावसाला विचारून घर बांधलं. माझं घर तिथे नेलं, तर पहिल्याच पावसात माझ्या डोक्यावर कोसळेल. तुम्ही इथल्या वाऱ्याला विचारलं नाही, एवढंच चुकलं. आता आत या, गारठलात."

तिने कोंब चिरून गरम सुपात घातले. ऊबदार ओट्यावर बसून सुभेदाराने दोन वाडगे सूप प्यायलं आणि आपला हुकूम स्वतःच्या हाताने फाडला.

वसंतात हवेली उतरवली गेली. तिच्या लाकडाची दारं-खिडक्या गावातल्या घराघराला लागली. माथ्यावर नवी रोपं लावली. सुभेदार स्वतः कुदळ घेऊन म्हातारीच्या हाताखाली आपलं घर कोरू लागला. त्या घराला तीन वर्षं लागली आणि तेवढ्या काळात "लवकर आटपा" हे शब्द त्याच्या तोंडून एकदाही निघाले नाहीत.

लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: जो आपल्या मातीचं ऐकून घर बांधतो, त्याला ती माती सांभाळते.