पाठीवरचा भोपळा

भोपळ्यांनाही वाचा होती त्या काळातली गोष्ट. एका मांडवावर दोन भोपळे वाळत होते. तंबोरे करणारा कारागीर आला आणि थोरल्याला घेऊन गेला. धाकट्याला म्हणाला, "तू अजून पुरता वाळला नाहीस. पुढच्या वर्षी येतो."

तोवर मालकिणीने धाकट्याला लेकीच्या पाठीला बांधलं आणि तिला पोहायला विहिरीत सोडलं. भोपळा खट्टू झाला. कुठे ती मैफल आणि कुठे हे शेवाळ. पण लेक थरथरत होती, तिच्या छातीतली धडधड त्याला पाठीतून कळत होती. "घाबरू नकोस, मी आहे," म्हणत तो तिला तोलून धरत राहिला. उन्हाळा सरताना एके दिवशी तिने दोरी सोडली आणि एकटीनेच विहीर पार केली. भोपळा पाण्यावर डुलत तिच्याकडे बघतच राहिला.

वर्षाने कारागीर आला, त्याने टिचकी मारली. "छान वाजतोस आता. तंबोरा व्हायचं होतं ना तुला?"

"होतं," भोपळा म्हणाला. विहिरीच्या पायरीवर शेजारचा मुलगा पाय आखडून बसला होता. "पण मामा, आलाच आहात तर मला त्याच्या पाठीला घट्ट बांधून द्या. तो केव्हाचा वाट बघतोय."