तांदळाच्या ताटातलं नाव

लई जुनी गोष्ट आहे पोरांनो, आणि थोरांनीही कान द्या. तेव्हा कोण राजा होता, ते आता कुणाला आठवतही नाही.

एका गावात केरा नावाची मुलगी होती. केर म्हणजे आपण झाडून टाकतो तोच. आता असल्या नावाच्या पोरीला गाव सोडेल का? ती पाणवठ्यावर आली की बाया म्हणायच्या, "सरका गं, केर आला!" बरोबरीच्या मुली विचारायच्या, "केरे, आई तुला सुपात निजवते का गं?" केरा ओठ मिटून घागर उचलायची. घरी येऊन म्हणायची, "आई, जगातली सगळी नावं संपली होती का गं?" आई चुलीत फुंकर घालत बसायची.

केराला एकच आशा होती. त्या मुलखात लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरायचे आणि नवरा अंगठीनं त्यात नवरीचं नवं नाव लिहायचा. जुनं नाव माहेरीच राहायचं. त्या ताटाची वाट बघतच ती मोठी झाली.

स्थळही आलं ते मोठ्या घरचं. नवरा पाटलांचा एकुलता एक मुलगा, नाव विक्रमसेन.

अक्षता पडल्या, ताट आलं. सासू म्हणाली, "लिही रे, सुवर्णमाला! आमच्यात केर बाहेर टाकतात, घरात आणत नाहीत."

सारा मांडव हसला. केराला वाटलं, सुटले बाई एकदाची.

तेवढ्यात तिची आई पुढं आली.

"विहीणबाई, पोर आता तुमची झाली, म्हणून आता सांगते. आजवर तोंड उघडायची सोय नव्हती. हिच्या आधीची माझी तीन लेकरं बारशाच्या आतच गेली. मग ही झाली. सुईण म्हणाली, मरण चांगलंचुंगलं बघून उचलतं. म्हणून हिला सुपात घालून मी उकिरड्यावर ठेवली. झाडणाऱ्या बाईनं उचलली. तिला पसाभर जोंधळे देऊन मी हा केर मागून आणला. इतकी वर्षं मांडीवर घेतली, पण 'माझी' म्हणाले नाही. मरणाला ऐकू गेलं असतं!"

केरानं ताटावर हात ठेवला.

"आत्याबाई, दुसरं काहीही सांगा, करीन. हे नाव तेवढं राहू द्या."

"मग तूही राहा माहेरीच!" सासू कडाडली. "वरात जाईल अशीच परत."

केरानं ताटावरचा हात हलवला नाही. ती म्हणाली, "माझी आई मरणापुढं हटली नाही. मी वरातीपुढं कशी हटू?"

आता नवरा बोलला. "आई, माझं पाळण्यातलं नाव सांग की सगळ्यांना."

सासू गोरीमोरी झाली. "गप रे मेल्या!"

"सांग ना."

मग ती हळूच म्हणाली, "भिका." आणि तिला रडूच फुटलं. "पाच दारी पदर पसरून चिंध्या मागितल्या मी. त्यांची कुंची याला घातली, तेव्हा हा जगला. पुढं चारचौघांत मलाच लाज वाटायला लागली, म्हणून विक्रमसेन केला."

तिनं डोळे पुसले, पुढं होऊन केराचा हात प्रेमानं बाजूला केला आणि लेकाला म्हणाली, "लिही, केराच लिही. आणि चांगलं ठळक लिही!"

त्यानं लिहिलं. खाली स्वतःचंही लिहिलं, भिका.

तोच मागून एक म्हातारा छाती पुढं काढून ओरडला, "माझं नाव दगडू!" कोपऱ्यातून एक बाई उठली, "मी धोंडी!" भरघोस मिशांचा पहिलवान उभा राहिला, "मी नथू! लहानपणी नाकात नथ होती माझ्या!" मांडव पुन्हा हसला, पण हे हसणं निराळं होतं.

तेव्हापासून त्या मुलखात नवरीला विचारल्यावाचून कुणी तांदळात नाव लिहीत नाही.

म्हणून लेकरांनो, ज्या नावानं कुणी आपल्याला जगवलं, ते नाव मान वर करून सांगावं.